शकुबाईची साक्ष

नत्थूजी उन्हानं मेला, असं कागदावर लिहिलं गेलं.

मे महिन्यात वर्ध्यात रस्त्यावर राहणारं माणूस मेलं तर त्याची फार चौकशी होत नाही. पारा शेहेचाळिसावर होता. त्याच आठवड्यात आणखी दोघं गेली होती, एक बसस्टँडच्या मागं आणि एक बाजार ओळीत. चक्कर येऊन पडला, नालीच्या दगडावर डोकं आपटलं, मेला. चार ओळींत काम झालं. नगरपालिकेच्या माणसांनी त्याला पुरलं. आमचे पाळक योगेंद्र आणि मी तिथं जाऊन उभे राहिलो, मी एक स्तोत्र वाचलं आणि आम्ही परत आलो.

खरं म्हणजे नत्थूजीला भूपेंद्रनं मारलं होतं. भर दुपारी, आपल्या दुकानासमोर, लोखंडी सळाखीनं. ते बाहेरच्या एकाच माणसानं पाहिलं होतं, ती शकुबाई. आणि शकुबाईला ते चारचौघांत बोलायला लावलं मी, एका शब्दाचा अर्थ सांगून. मला तसं करायचं नव्हतं. नक्की काय करायचं होतं, हेही आता खात्रीनं सांगता येत नाही. म्हणून जे झालं ते झालं त्या क्रमानं लिहितो.

मी देवळीच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. समोर माणूस आलं की मी पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर वाचायला लागतो, असं माझी बायको म्हणायची. ती गेल्यापासून मी वर्ध्याला रामनगरात एकटा राहतो. रविवारी आमच्या छोट्या चर्चमध्ये सगळ्यात मागं, स्विचबोर्डाखालच्या खुर्चीवर बसतो. त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसत नाही.

दोन वर्षांपूर्वी पाळकांनी स्टेशनच्या भागात फुटपाथवर राहणाऱ्यांसाठी रविवारचं जेवण सुरू केलं. पाळक योगेंद्र चाळिशीचे, धडपडे, मनानं चांगले. त्यांचा नियम होता, आधी उपासना आणि मग पंगत. तीस-पस्तीस माणसं यायची. बाकांच्या मागं सतरंजीवर दीड-दोन तास बसायची. बाहेरून वरणाला दिलेल्या फोडणीचा वास आला की प्रत्येक प्रार्थनेला जोरात 'आमेन' म्हणायची, म्हणजे ती लवकर आटोपेल. पंगतीत मी पाणी वाढायचो. भाजी वाढणाऱ्याला बोलावं लागतं, पाणी वाढणाऱ्याला फार बोलावं लागत नाही.

शकुबाई तिथंच भेटली. पन्नाशीची असेल. कारंजा घाडग्याजवळ एका ढाब्यावर भांडी घासायची. ढाबा बंद पडला तशी एका ट्रकमध्ये बसून इकडं आली. नत्थूजी सत्तरीचा, दोन्ही कानांनी ठार बहिरा. दोघं नवरा-बायको नव्हती. एका ताडपत्रीच्या दोन टोकांना झोपायची, एवढंच. ती दिवसभर त्याच्यावर ओरडायची. त्याला काहीच ऐकू येत नसल्यामुळे त्यांचं भांडण मात्र कधी झालं नाही.

भूपेंद्रचं दुकान कूलरचं, स्टेशनच्या रस्त्यावर. उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला हवा दाखवायला तो एक मोठा कूलर दुकानाबाहेर दिवसभर चालू ठेवायचा. दुपारी एक ते चार आमच्याकडं रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. तेव्हा ती वाळ्याच्या वासाची गार हवा नुसती डांबरावर वाहून जायची. नत्थूजी त्या हवेत जाऊन आडवा व्हायचा. भूपेंद्र त्याला रोज हाकलायचा, हा रोज हसत उठायचा आणि तासाभरानं परत यायचा.

तो मेल्याच्या सातव्या दिवशी भूपेंद्रनं चर्चला एक नवा कूलर दिला. मागच्या खिडकीत तो बसवला. मला वाटलं, दुकानासमोर गरीब मेला म्हणून माणसाला लागलं असेल. माणसांबद्दल माझे अंदाज असेच असतात.

पाळकांना फार आनंद झाला. त्या रविवारी नागपूरहून चार पाहुणे आमचं काम बघायला येणार होते. भूपेंद्रचा सत्कार करायचं ठरलं. "आणि काका," पाळक मला म्हणाले, "रस्त्यावरच्या लोकांपैकी कुणाची तरी साक्ष व्हायला हवी. शकुबाई बोलकी आहे. तुम्ही तिची तयारी करून घ्या."

आमच्याकडं साक्ष म्हणजे उपासनेत उभं राहून, देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणं. दारू सुटली, दुखणं बरं झालं, तुटलेलं घर जुळलं. जन्मापासून हेच ऐकत आल्यामुळे जगात त्या शब्दाला दुसरा अर्थ आहे, हे आम्हाला आठवतच नाही. बाकीच्यांचं ठीक आहे. माझं आयुष्य शब्दकोशांत गेलं होतं.

शनिवारी सकाळी चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली मी तिला गाठलं. पाळकांच्या पत्नी मोहिनीताईंनी दिलेला चहा ती बशीत ओतून पीत होती.

"शकुबाई, उद्या तुम्हाला साक्ष द्यायची आहे."

तिनं बशी खाली ठेवली. "कोण म्हनलं?"

"पाळकसाहेब."

"त्यायले मालूम हाये?"

"अहो, त्यांनीच तुमचं नाव सुचवलं."

तिनं पदरानं ओठ पुसले. मग म्हणाली, "साक्ष म्हंजे कोर्टात देते थेच ना, काकाजी?"

मला हसू आलं. शब्दाचा अर्थ मला फार वर्षांत कुणी विचारला नव्हता. मी खुर्ची पुढं सरकवली. "मूळ शब्द संस्कृत आहे. स म्हणजे सोबत. अक्ष म्हणजे डोळा. आपल्या डोळ्यांनी जे पाहिलं ते जसंच्या तसं सांगणं, ती साक्ष. ऐकीव सांगायचं नाही आणि पदरचं घालायचं नाही."

"डोयानं पाह्यलेलं."

"हो."

"सगळ्यायच्या समोर?"

"हो. घाबरू नका. चार लोकांसमोर बोलायचं म्हटलं की माझेही पाय कापतात."

"अन् मले कोणी मारलं त?"

"चर्चमध्ये कोण मारतं, शकुबाई?"

तिनं बशीतला उरलेला चहा संपवला. "नत्थू बुढा असता त त्याले इचारलं असतं," ती म्हणाली. "थो ना हो म्हने, ना नाई म्हने. पन इचारलं का बरं वाटे." मग उठता उठता, "तुमी राह्यजा तठी."

"मी मागंच असतो. स्विचबोर्डाखाली."

"मंग तुमच्याकडं पाहून सांगीन."

तिला माझ्यासारखीच भीड वाटते आहे, असं समजून मी घरी गेलो आणि दुपारी शांत झोपलो.

रविवारी हॉल भरला होता. भूपेंद्र पहिल्या रांगेत, पांढऱ्या कडक शर्टात. शेजारी अंकुश, त्याच्या दुकानातला मिस्त्री, जाड मानेचा, चाळिशीचा माणूस. पाहुण्यांच्या हातून भूपेंद्रला शाल दिली, स्मृतिचिन्ह दिलं. जाड सागवानी पाटी आणि तिच्यावर पितळी क्रूस, हातात धरलं तर मनगट वाकावं इतकं जड. भूपेंद्र दोन शब्द बोलला. "मी काही मोठं नाही केलं. हे लोक उन्हात मरून राह्यले, आपल्याले पाहवत नाही. बस." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

मग पाळकांनी शकुबाईचं नाव घेतलं. ती मागून, सतरंजीवरच्या माणसांना ओलांडत पुढं गेली. माईक तिनं दोन्ही हातांनी धरला. तो हनुवटीला लावला होता, तोंडाला नाही. नवा कूलर फुल स्पीडवर होता आणि त्याच्या घरघरीत तिचं निम्मं बोलणं बुडत होतं.

"मी शकुबाई," ती म्हणाली. "मी डोयानं पाह्यलेलं सांगतो. वाढवून नाई सांगत."

"आमेन," लोक म्हणाले.

"थ्या दिवशी ऊन लय होतं. मी नालीच्या पलीकडं बसलीवती. नत्थू बुढा कूलरच्या हवेत झोपला होता."

"हालेलुया!" बाहेर पोळ्या भाजायला लागल्या होत्या.

"मालक आला. उठ म्हने. बुढ्याले ऐकू येत नाई, थो कसा उठन? दोनदा म्हनलं, तीनदा म्हनलं. मंग त्यानं आतून सळाख आनली."

"आमेन."

मला ते शब्द ऐकू आले, कारण मी तिच्या तोंडाकडं बघत होतो आणि ती माझ्याकडं. पाहुणे प्रेमानं मान हलवत होते. पाळक डोळे मिटून हात वर करून उभे होते. भूपेंद्र मोबाइलमध्ये सत्काराचे फोटो बघत होता. मी हात वर केला आणि कूलरचं बटन बंद केलं. का केलं ते मला नीट सांगता येत नाही. ती खालच्या आवाजात बोलते आहे, लोकांना ऐकू यावं, इतकंच बहुतेक डोक्यात होतं. पंखा गरगरत थांबला आणि हॉलमध्ये फक्त तिचा आवाज उरला.

"पयला डोक्यावर मारला," शकुबाई म्हणाली. "असा. नारळ फुटते तसा आवाज आला. बुढा उठून बसला अन् हासला. त्याले वाटलं, रोजच्यासारकं हाकलून राह्यले. मंग दुसरा कानावर. मंग थो आडवा झाला, तरी तिसरा मारला. मंग या मिस्त्रीनं अन् यानं पाय धरून त्याले नालीपर्यंत ओढत आनलं अन् डोकं दगडावर ठेवलं. कूलरच्या बालटीतलं पानी टाकून रस्ता धुतला. यानंच. हा शाल घेतलेला."

आता आमेन कुणी म्हटलं नाही.

भूपेंद्र आधी हसला. "पागल हाये बाई," तो पाहुण्यांकडं वळून म्हणाला. "जेवायले द्या तिले, भुकीनं बडबडून राह्यली."

"पागल असतो त तुले भेली नसती," शकुबाई म्हणाली. "भेली म्हनून नऊ दिवस गप राह्यली."

अंकुशनं उठून तिच्या हातातला माईक हिसकला. ती सोडेना. त्यानं तिच्या दंडाला हिसडा दिला आणि ती गुडघ्यावर पडली, तरी बोलत होती. "सळाख दुकानातच हाये. शटरमागं. पाहा जाऊन!" तेव्हा भूपेंद्र उठला. त्याच्या हातात स्मृतिचिन्ह होतं. त्यानं ते दोन्ही हातांनी खांद्यामागं नेलं आणि तिच्या तोंडावर मारलं.

तो आवाज मी विसरू शकत नाही. पितळी क्रूस निखळून बाकाखाली गेला. शकुबाई ओठांवर हात धरून बसली आणि बोटांमधून रक्त तिच्या पातळावर गळायला लागलं. तिनं ओंजळीत काहीतरी थुंकलं आणि नीट निरखून पाहिलं. दोन दात होते.

भूपेंद्रनं पाटी पुन्हा उचलली. तेवढ्यात मागची सतरंजी उठली.

मला दुसरा शब्द सापडत नाही. दोन वर्षं जी माणसं जांभया देत बसायची, ती एकदम उठली आणि बाक पाडत पुढं धावली. पंगतीसाठी रचून ठेवलेली स्टीलची ताटं त्यांच्या हातांत आली होती. एका म्हाताऱ्यानं, ज्याला मी नेहमी अर्धा पेला पाणी देत असे कारण त्याचे हात थरथरायचे, त्यानं ताटाची धार भूपेंद्रच्या कपाळावर मारली. कातडं सोलून निघालं. भूपेंद्र ओरडत खाली पडला. त्याची शाल त्याच्याच गळ्यात अडकली आणि दोघं ती दोन बाजूंनी ओढायला लागले. कुणी वरणाची गरम पळी आणली. पाळक "थांबा, प्रभूच्या नावानं थांबा" म्हणत मधे घुसले आणि कुणाच्या तरी कोपरानं नाकावर मार खाऊन मागं आले. पाहुणे बाजूच्या दारातून पळाले.

अंकुशनं एक लोखंडी खुर्ची मिटवून हातात घेतली होती आणि तो ती गवत कापावं तशी फिरवत होता. मी शकुबाईकडं जायला निघालो होतो. ती खुर्ची माझ्या डाव्या हातावर बसली. मनगटाच्या वर काहीतरी वाळल्या काडीसारखं मोडलं. मी खाली पडलो तो भूपेंद्रच्या शेजारीच.

इथं एक गोष्ट गाळायचा मोह होतो. भूपेंद्र कुशीवर पडला होता, चेहरा रक्तानं माखलेला, डोळा सुजून मिटलेला. तो मला म्हणाला, "काकाजी, वाचवा." मी उठलो आणि त्याच्या पोटात लाथ घातली. माझ्या पायात सँडल होती. मी एकदा मारली आणि मग आणखी एकदा मारली. दुसऱ्या वेळी मला बरं वाटलं.

शकुबाईनं मला मागं ओढलं. तिच्या तोंडातून शब्द नीट निघत नव्हते. ती मला सोडून भूपेंद्रच्या अंगावर आडवी पडली आणि ताटं घेतलेल्या माणसांवर खेकसली, "मरन ना थो! मेला त सांगन कोन?" त्या लोकांनी हात थांबवले. अंकुशला त्यांनी आधीच बाहेर हाकललं होतं.

मग पोलीस आले.

सरकारी दवाखान्यात तिच्या ओठाला सहा टाके पडले आणि माझ्या हाताला प्लास्टर बसलं. दुपारी तीनला आम्ही ठाण्यात होतो. भूपेंद्र एका खासगी दवाखान्यात भरती झाला होता आणि अंकुशनं तक्रार दिली होती की भिकाऱ्यांनी मालकाला लुटायला मारलं.

पाळक आमच्या आधीच आले होते. त्यांचं नाक सुजलं होतं आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी मला व्हरांड्यात बाजूला घेतलं.

"काका, हे वाढवू नका. आज जे झालं त्यानं आपलं चर्च बंद पडेल. त्या गरिबांचं जेवण बंद पडेल. मी ठाणेदारांना सांगितलंय, कूलरचा आवाज होता, बाई काय बोलली ते कुणालाच ऐकू आलं नाही. तिच्या डोक्यावर परिणाम झालेला आहे, त्यातून ढकलाढकली झाली. पाहुण्यांनीही फोनवर तेच सांगितलं."

"पण ऐकू आलं," मी म्हणालो.

"तुम्हाला आलं असेल. तुमचं वय आहे, काका, कुणी विचारलं तर तुमचा गोंधळ उडाला असं म्हणता येईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

ते वाईट माणूस नाहीत. त्यांना खरोखरच त्या तीस ताटांची काळजी होती. आणि माझा गोंधळ उडतो हेही खरं आहे. मी आत गेलो तेव्हा मला काय म्हणायचं आहे ते मला ठाऊक नव्हतं.

ठाणेदार पन्नाशीचा, थकलेला माणूस. त्याच्या टेबलासमोर शकुबाई बाकावर न बसता जमिनीवर बसली होती. तोंडावर कापूस, त्यावरून बोलायची धडपड.

"काय बोलली ते कोणालेच ऐकू नाही आलं म्हणतात," ठाणेदार मला म्हणाला. "कूलर चालू होता. तुम्ही काय म्हणता, सर?"

"कूलर मी बंद केला होता," मी म्हणालो. "मी त्याच्या बटनाखाली बसतो. बंद केल्यावर ती बोलली. शेवटच्या माणसापर्यंत ऐकू गेलं." आणि मग न थांबता सगळं सांगितलं. सळाख, शटर, नाली, बादलीचं पाणी. स्मृतिचिन्ह. माझी लाथ.

ठाणेदारानं वर पाहिलं. "लाथ कायले सांगता? तुमच्यावर गुन्हा लागन."

"एक गोष्ट गाळली तर दुसरीवर तुम्ही विश्वास कसा ठेवाल?"

"किती लाथा?"

"दोन."

मागं उभा असलेला शिपाई हसला. शकुबाईच्या कापसाखालूनही काहीतरी आवाज आला. तीही हसत होती आणि तिचे टाके दुखत होते.

ठाणेदार हसला नाही. त्यानं तिचा जबाब लिहायला घेतला. नाव लिहिलं, वय लिहिलं, आणि पेन थांबवलं. "राहणार?"

शकुबाई त्याच्या पेनाकडं बघायला लागली.

"बाई, राहता कुठं?"

"ताडपत्रीवर."

"पत्ता, पत्ता! अहो सर, हे खुनाचं प्रकरण होईल. उद्या अकरा वाजता मॅजिस्ट्रेटसमोर हिचा जबाब. मग केस उभी राहील, समन्स निघंल. थे कोणत्या फुटपाथवर बजावू? भूपेंद्रचा वकील पयल्याच दिवशी म्हणन, साक्षीदाराचा ठावठिकाणा नाही. अन् आज रात्री ही त्याच ताडपत्रीवर झोपली, त उद्या अकराले मले दुसरा पंचनामा करावा लागन. महिलांचं वसतिगृह भरलं आहे, मी आताच विचारलं."

त्या खोलीत पंखा टकटक करत होता. माझा हात ठणकत होता. पाळक दारात उभे होते. मला वाटलं कुणीतरी काही बोलेल, आणि मग कळलं की सगळे माझ्याकडं बघत आहेत, किंवा बघत नसतील, पण मला तसं वाटलं.

"राहणार रामनगर," मी म्हणालो. "माझ्या घरी."

"अग्गोबाई," शकुबाई म्हणाली. "लोक काय म्हनतीन, काकाजी?"

"लोक माझ्याबद्दल आजवर काहीच म्हणत आले नाहीत."

ठाणेदारानं मला पुन्हा एकदा विचारलं आणि मग पत्ता लिहिला. दाराशी एक शिपाई देतो म्हणाला, संध्याकाळनंतर, माणूस मोकळा झाला की.

शिपायाच्या आधी अंकुश आला. साडेपाच वाजले होते, उन्हं अजून भिंतीवर होती. दोन मोटारसायकली, चार माणसं. शकुबाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पेज निववत होती, कारण तिला दुसरं काही खाता येत नव्हतं. पहिली वीट खिडकीची काच फोडून माझ्या टेबलावर आली.

"बुढ्या, तिले बाहेर काढ," अंकुश ओरडला. "तुयाशी आपलं काही नाई."

मी दाराला कडी घातली. त्यांनी लाथा मारायला सुरुवात केली. कडी जुनी होती, चौकटीचे खिळे बाहेर यायला लागले. शकुबाई धावत आली, तिनं खोली एकदा पाहिली. चारही भिंतींना पुस्तकं.

"हे काय कामाचे हायेत?" तिनं विचारलं. उत्तराची वाट न बघता तिनं दाराजवळच्या कपाटाला खांदा लावला. मी माझा धडका हात लावला. कपाट दाराला जाऊन भिडलं आणि वरच्या फळीवरचे कोश आमच्या डोक्यावर कोसळले. एकाचा कोपरा माझ्या भुवईवर लागला. मग आम्ही खिडकीत पुस्तकं रचायला लागलो. ती दोन्ही हातांनी आणून द्यायची, मी एका हातानं रचायचो. जाडी जाडी खाली. बाहेरून विटा येत होत्या आणि पुस्तकं एकेक आत पडत होती.

गजांमधून अंकुशचा हात आत आला. पुस्तकं ढकलून तो माझ्या सदऱ्यापर्यंत पोचला आणि त्यानं मला गजांवर आपटलं. एकदा, दोनदा. माझ्या तोंडात रक्ताची चव आली. तिसऱ्यांदा आपटायच्या आत शकुबाई स्वयंपाकघरातून वरवंटा घेऊन आली. तिनं तो त्याच्या बोटांवर हाणला, खिडकीच्या फरशीवर, मिरच्या ठेचाव्यात तसा. अंकुश इतक्या मोठ्यानं किंचाळला की समोरच्या सगळ्या घरांची दारं उघडली. ती त्याआधीही उघडता आली असती. पण उघडली, आणि लोक बाहेर आले, आणि मोटारसायकली गेल्या.

शिपाई सातला आला. त्याला आम्ही उरलेली पेज दिली.

रात्री ती स्वयंपाकघरात झोपली, मी पुस्तकांत. झोप कुणालाच लागली नाही. मधूनच ती आतून विचारायची, "काकाजी, हायेत ना?" मी हो म्हणायचो.

सकाळी आम्ही कोर्टात गेलो. ती आत गेली आणि मी बाकावर बसलो. समोरच्या झाडाखाली अंकुश होता, हाताला जाड पट्टी, सोबत दोन पोलीस. तो माझ्याकडं रोखून बघत होता. मला फार वेळ कुणाच्या नजरेला नजर देता येत नाही, त्यालाही देता आली नाही. मी मधून मधून बघत राहिलो.

पाऊण तासानं ती बाहेर आली. पदर घामानं भिजला होता आणि एक टाका उसवून हनुवटीवर रक्त ओघळलं होतं. मी पाण्याची बाटली दिली. तिनं पाणी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सोडलं.

"तीनदा सांगावं लागलं," ती म्हणाली. "तोंडातून निघेचना. पन साहेब थांबले. लिवून घेतलं सगळं." मग तिनं विचारलं, "केस कितीक दिवस चालते, काकाजी?"

"दिवस नाही. वर्षं लागतील."

तिनं बाटलीचं झाकण लावलं.

"मंग त खिडकी बसवाच लागन," ती म्हणाली, आणि आम्ही काचवाल्याकडं निघालो.